बिनकाट्याची मारांडी

फार पूर्वी एका खाडीच्या काठी एक गाव होतं. किती पूर्वी ते मला विचारू नका, मला ही गोष्ट सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. गाव लहान, भात चांगलं, माणसं बरी. म्हणजे तुमच्याआमच्याइतपत बरी.

त्या गावाची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. विचित्र वाटतं ना ऐकायला? पण होती खरी. भरती आली की खाडीचं पाणी शेतांच्या डोक्याशी येऊन उभं राहायचं, आणि मध्ये असायचा नुसता मातीचा एक बांध. बांधाच्या अलीकडे गोडं भात, पलीकडे खारं पाणी. बांध फुटला तर मीठ शेतात शिरणार, आणि एकदा मुरलं की पाच-सात वर्षं तिथे भाताची काडी उभी राहणार नाही. म्हणून त्या गावात पोर चालायला लागलं की त्याला आधी बांध दाखवायला न्यायचे, मग देवळात.

बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला, चिखलात, मारांडी लावलेली असे. पाहिली आहे का कुणी मारांडी? कंबरेइतकं झुडूप. पानं जाड, चकचकीत, आणि पानापानाच्या कडेला सुईसारखे काटे. चैत्रात तिला निळी फुलं येतात. इतकी देखणी की हात आपसूक पुढे जातो, आणि गेला की माणूस ‘आई गं!’ म्हणून मागे घेतो. ह्या मारांडीच्या मुळांनी बांधाची माती धरून ठेवलेली होती.

गावात प्रत्येक घराकडे काथ्याची एक दोरी असे, वीस हात लांब. त्या दोरीएवढा बांध त्या घराचा. दर अमावस्येला मोठी ओहोटी लागली, की घरातलं एक माणूस आपल्या दोरीवर उतरायचं. मारांडीत अडकलेला कचरा काढायचा, वाकलेली फांदी चिखलात दाबायची म्हणजे तिला तिथेच नवी मुळं फुटतात, आणि बुंध्याशी खेकड्यांनी पाडलेली बिळं हातांनी चिखल भरून बुजवायची. त्या कामाला लोखंड चालत नसे. विळा नाही, कोयता नाही, नुसते हात. का, असं विचारलं तर लोक म्हणत, “पूर्वीपासून असंच आहे.” आता हे काय उत्तर झालं? पण गावाकडे बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर असतं, आणि विचारणाराही तेवढ्यावर गप्प बसतो.

दाट झुडपात बारीक हात जातो म्हणून बहुतेक घरांतून बायका, नाहीतर मुली उतरत. त्या गावातल्या बाईचे हात तुम्ही लांबूनही ओळखले असते.

तर ह्या गावात केरोबा नावाचा माळी राहत होता. देवळाची फुलबाग त्याच्याकडे होती. अबोली असो, शेवंती असो, केरोबानं लावली की ती फुलणारच. बायको बाळंतपणात गेलेली. मागे एक मुलगी, म्हाळसा. सगळे तिला म्हाळू म्हणत. केरोबाचा सगळा जीव त्या पोरीत.

म्हाळू नऊ वर्षांची झाली आणि पहिल्यांदा घराच्या दोरीवर उतरली. संध्याकाळी परत आली ती चिखलानं माखलेली, दोन्ही हात रक्ताळलेले, आणि तोंडभर हसत.

“बाबा, बेचाळीस बिळं! बेचाळीस बुजवली मी. एक तर एवढंसं होतं, पण मी बघितलं!”

केरोबाच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. त्याला फक्त रक्त दिसलं.

त्यात एक काटा बोटात मोडून राहिला होता. हात सुजला, पिकला, पोर तापानं फणफणली. आठ दिवस केरोबा तिच्या उशाशी बसून होता. बायको अशीच बघता बघता गेली होती, आता हीसुद्धा जाते की काय, ह्या भीतीनं त्याला घास गिळेना. नवव्या दिवशी ताप उतरला. पोरीनं पेज मागितली. केरोबा पेज आणायला उठला तो चुलीजवळ बसून ढसाढसा रडला. आणि रडता रडता त्यानं ठरवून टाकलं, की ह्या मारांडीचा काटा मी काढणार. मी माळी आहे ना? मग काढणारच.

वाईट होता का हो केरोबा? मुळीच नाही. पोरीवर माया करणाऱ्या बापाला वाईट कोण म्हणेल? म्हणून तर ही गोष्ट सांगताना मला त्रास होतो.

त्या दिवसापासून घराच्या दोरीवर तो स्वतः उतरू लागला. आणि परसात, फणसाच्या सावलीत, त्यानं मारांडीची एक फांदी आणून लावली. पहिली मेली. दुसरीही मेली. मग त्याच्या लक्षात आलं की खाऱ्याची सवय अशी एका दिवसात सुटायची नाही. त्यानं खाडीचं पाणी आणलं, त्यात विहिरीचं निम्मं मिसळलं आणि ते घातलं. महिन्याभरानं खारं पाणी आणखी कमी केलं. असं करत करत एक दिवस झाड नुसत्या गोड्या पाण्यावर आलं. शेणखत घातलं, कुजवलेली मासळी घातली. ऊन कडक झालं की वर झावळ्यांचा मांडव केला. ज्या फांदीवर काटे बोथट, तीच फांदी तोडून पुढे लावायची, बाकीच्या उपटून टाकायच्या. रोज सकाळी तो पानांवरून बोट फिरवून बघायचा.

सात वर्षं हे चाललं. सातव्या चैत्रात केरोबाच्या परसात मारांडी फुलली, ती माणसानं बघत राहावी अशी. पान मऊ, कड गुळगुळीत, काट्याचं नाव नाही. फूल जुन्या फुलाच्या दुप्पट आणि निळं गर्द. सगळं गाव बघायला लोटलं. बायका पानांवरून तळहात फिरवत होत्या आणि एकमेकींकडे बघून हसत होत्या. एक म्हातारी तर ते पान गालाला लावून रडली. गावानं त्या झाडाला नाव दिलं, गोडी मारांडी.

बघायला आली नाही ती एकटी भागीकाकी. ही बांधाच्या टोकाला, उघाडीशी राहायची. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला घट्ट लावायचं. भागीकाकीचं सगळं आयुष्य त्या दारात गेलं होतं. जीभ तिखट, त्यामुळे तिच्याकडे कामाशिवाय कुणी फिरकत नसे. शेवटी केरोबाच एक फांदी घेऊन तिच्या अंगणात गेला. कौतुक सगळ्यांनी केलं तरी एक जण राहिला की माणसाला चैन पडत नाही, हे काही नवीन नाही.

भागीकाकीनं पान उलटंसुलटं करून पाहिलं. चुरगाळून वास घेतला.

“छान आहे रे,” ती म्हणाली. “पण ह्याला ‘नको’ म्हणता येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे शेळीनं तोंड लावलं तर हे काय करणार? आणि बाईमाणूस खाली उतरलं, काटाच नाही म्हटल्यावर भराभर कचरा ओढून वर आलं, तर बिळं कोण बघणार? अरे, काटा बोचतो म्हणून हात हळू चालतो. हात हळू चालला की डोळ्याला दिसतं. माझ्या सासूनं सांगितलेलं मला.”

“काकी, तुझे हात बघ एकदा,” केरोबा म्हणाला. “असे हात माझ्या म्हाळूचे व्हायला हवेत का?”

भागीकाकीनं आपले हात पाहिले. काळे, गाठाळलेले, दोन बोटं कायमची वाकडी झालेली. तिनं फांदी त्याला परत दिली, आणि केरोबाला वाटलं आपण जिंकलो.

मग गावकरानं बैठक बोलावली. गावकर म्हणजे गावाचा मुख्य. ठरलं असं, की येत्या पावसात सगळ्या बांधावरची काटेरी मारांडी उपटायची आणि गोडी लावायची. माणसांनी कुदळी घेतल्या. लोखंड न लागलेल्या त्या चिखलात पहिल्यांदा लोखंड लागलं. काटेरी झुडपांचे ढीग सुकवून जाळले. भागीकाकीनं मात्र आपल्या दोरीला हात लावू दिला नाही. “मी मेल्यावर काय ते करा,” म्हणाली. लोक हसले आणि म्हणाले, वीस हातांनी काय होतंय, असू दे म्हातारीला तेवढं.

पावसात डोंगराचं पाणी उतरून खाडी गोडी होते. त्यामुळे गोडी मारांडी झकास लागली. दोन महिन्यांत बांध हिरवागार. गावकरानं देवळात केरोबाच्या डोक्याला फेटा बांधला. त्याच वर्षी म्हाळूचं लग्न झालं, गावातच, भिवाशी. भिवाचं शेत बांधाला लागून, सगळ्यांत खोलगट. भात तिथेच सगळ्यांत चांगलं यायचं. मेंदी लावताना बायका म्हणाल्या, ह्या गावात इतका मऊ हात आम्ही कुणाचा पाहिला नाही. केरोबा दाराआडून ऐकत होता. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा दिवस तो.

पाऊस संपला आणि खाडी पुन्हा खारट झाली. गोडी मारांडी पिवळी पडायला लागली. केरोबानं घरोघरी सांगितलं, “रोज एक घागर गोडं पाणी घाला, जगेल.” लोकांनी घातलं. पहिल्या वर्षी रोज, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, पुढे आठवण झाली तर.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत झाली. बांधाकडे कधी न फिरकणाऱ्या शेळ्या बांधावर यायला लागल्या. जनावरं बोलत होती त्या काळची ही गोष्ट असती, तर एखाद्या शेळीनं केरोबाला बोलावून आभार मानले असते. पाला खाता खाता त्यांच्या खुरांनी बांधाची कड ढासळू लागली. मग केरोबानं रानातून बाभळीच्या फांद्या आणल्या आणि गोड्या मारांडीभोवती काट्यांचं कुंपण घातलं. उघाडीवरून भागीकाकी ते बघत होती.

“केरोबा,” तिनं हाक मारली, “काटा काढलास आणि काटाच विकत आणलास रे!”

केरोबानं ऐकू न आल्यासारखं केलं. पण माळी होता तो. झाडाचं दुखणं त्याला कळत होतं. एकदा एक रोप उपटून त्यानं मूळ पाहिलं. वीतभरसुद्धा नव्हतं. रोज वरून पाणी मिळाल्यावर मूळ खाली कशाला जाईल? ते त्यानं पाहिलं, आणि रोप पुन्हा चिखलात खोचून, हात धुऊन तो घरी आला. कुणाला सांगितलं नाही. पाच वर्षांपूर्वी बांधलेला फेटा खुंटीवर होता, आणि म्हाळूची तीन वर्षांची पोर अंगणात खेळत होती. उद्या सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

आणि अमावस्येची ओहोटी? तिला उतरायचं लोकांनी केव्हाच सोडलं होतं. काट्यांत हात घालायचं ते व्रत होतं, काटे गेले तसं व्रतही गेलं. एकदा केरोबानं म्हाळूला विचारलं, “दोरीवर उतरतेस ना गं?” ती म्हणाली, “खाली काय आहे बाबा आता? वरून दिसतंय की सगळं.”

त्याच वर्षी भाद्रपदात उधाण आलं. भर दुपारची भरती, वर सुसाट वारा. भिवाच्या शेताशी बांधाच्या पायथ्यातून आधी बोटाएवढी धार सुटली. खेकड्याचं बीळ, दुसरं काय? कुणी वेळेवर पाहिलं असतं तर मूठभर चिखलानं बुजलं असतं. बोटाची मूठ झाली, मुठीचं भगदाड झालं. भिवा पेंढ्याचे भारे घेऊन धावला. भारे वाहून गेले तेव्हा त्यानं स्वतःची पाठ भगदाडाला लावली आणि ओरडला, “माती आणा! लवकर!”

माणसं टोपल्या घेऊन धावली. सगळ्यांत पुढे केरोबा होता. तो पोचेपर्यंत वरचा बांध खचला आणि भिवावर बसला. मग खाडी शेतात आली. पाण्यावर गोडी मारांडी तरंगत होती, मुळांसकट, शेतभर. म्हाळू पोरीला कडेवर घेऊन उंचवट्यावर उभी होती. ती नवऱ्याला हाका मारत होती आणि केरोबा टोपली धरून तसाच उभा होता.

एका बाजूनं बांध फुटत गेला तो उघाडीशी येऊन थांबला. भागीकाकीची वीस हात दोरी जागची हलली नाही.

शेतं मिठानं पांढरी झाली. त्या वर्षी भात नाही, पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एकेक घर होड्यांत भांडीकुंडी घालून निघून गेलं. निघताना कुणी केरोबाला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला जरा बरं वाटलं असतं. लोक म्हणत, “तू चांगलंच करायला गेलास.” तेवढं ऐकलं की तो मान खाली घालायचा. उद्या सांगू म्हणून पोटात ठेवलेलं ते वीतभर मूळ त्याला एकट्यालाच माहीत होतं.

पाचसहा घरं मागे राहिली. त्यांत म्हाळू होती. नवरा ज्या मातीत गेला ती सोडून जायला ती तयार होईना.

एका सकाळी केरोबा उघाडीशी गेला. भागीकाकी आता अंथरुणाला खिळली होती. ‘मी सांगितलं होतं’ एवढं म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता, आणि तिची जीभ तर तुम्हाला माहीतच आहे. पण तिनं केरोबाचं तोंड पाहिलं आणि ते शब्द गिळले.

“माझ्या दोरीवरच्या फांद्या ने,” ती म्हणाली. “हातानं मोड. आणि हे बघ, खत घालू नकोस.”

केरोबानं परसातली गोडी मारांडी स्वतः उपटली. मांडव मोडला. काटेरी फांद्या आणून वीस-वीस हात करत तो नवा बांध घालू लागला. म्हातारपण, एकट्याचं काम, निम्मं भरतीनं धुऊन जायचं. तो पुन्हा लावायचा. त्याचे हात भागीकाकीच्या हातांसारखे झाले. पुढच्याच वर्षी ती गेली. उघाडी उघडायची आणि लावायची जबाबदारी म्हाळूनं घेतली. बापलेकी एकाच बांधावर राबत, पण कामापुरतंच बोलत.

बांध फुटल्याला सहा वर्षं झाली. भिवाच्या खोलगट शेतात एका कोपऱ्याला पहिल्यांदा भाताचे चार कोंब दिसले. त्या वर्षी नात नऊ वर्षांची झाली. अमावस्येची ओहोटी लागली तशी म्हाळूनं काथ्याची दोरी काढून पोरीच्या हातात दिली.

केरोबा पुढे झाला. “अगं, मी उतरतो ना तिच्याऐवजी. अजून हिंडतोफिरतो आहे मी.”

म्हाळूनं आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. इतकी वर्षं काट्यांत राबून ते फाटले होते.

“बाबा, माझे हात तुम्ही वाचवलेत,” ती म्हणाली. “ह्या हातांना बिळं बघायची सवय राहिली असती, तर हिचा बाप आज असता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर केरोबानं सोसला असता. तो बांधाच्या कडेला जाऊन बसला.

नात चिखलात उतरली. पहिलाच काटा लागला तशी किंचाळली. केरोबा अर्धवट उठला, आणि पुन्हा बसला. उपरण्याचं टोक दातांत धरून तो बसून राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाली पोर आता हळू, चाचपत, एकेक पान बाजूला करत पुढे सरकत होती.

बऱ्याच वेळानं ती वर आली. चिखलानं माखलेली, हात रक्ताळलेले.

“आजोबा, अकरा बिळं! एक तर एवढंसं होतं!”

“कुठे होतं गं?” केरोबानं विचारलं. “मला दाखव.”

पोरीनं त्याचं बोट धरून त्याला खाली नेलं आणि दाखवलं. अठरा वर्षांपूर्वी अशीच एक पोर अशाच हातांनी त्याला काही सांगत होती. तेव्हा त्यानं ऐकलं नव्हतं, ते आता त्याला ऐकू आलं. पण ज्याच्यासाठी ऐकायला हवं होतं, तो भिवा त्याच बांधाच्या मातीखाली होता.

त्या खाडीकाठी आता गाव नाही, म्हणतात. मारांडी आहे, आणि ती काटेरी आहे.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांवर जीव टाकणाऱ्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: लेकराच्या वाटेतला प्रत्येक काटा जो काढून टाकतो, तो त्याची राखणही काढून टाकतो.